नंदाक्का खोटं बोलत न्हाई

माझ्या संगणकात 'अक्का' नावाचा एक फोल्डर आहे. त्यात एका बाईच्या आवाजाचे तुकडे आहेत. एका तुकड्यात ती नुसतं "सकाळी सात" म्हणते, दुसऱ्यात "साडेसात", तिसऱ्यात "तेलघाणी गल्ली". एकात खडीसाखर दाताखाली फुटल्याचा आवाज येतो आणि मग ती म्हणते, "थांब गं, परत घेते." हा तुकडा कामाचा नव्हता, तेव्हाच पुसायला हवा होता. पण तो राहिला. संगणक बदलला की मी तो फोल्डर जुन्यातून नव्यात नेते. उघडत मात्र नाही. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटते.

हा आवाज नंदाक्कांचा. पूर्ण नाव महानंदा. लातूरच्या एका लहानशा केबल चॅनलवर त्या पाण्याचं पत्रक वाचायच्या, म्हणजे आज कुठल्या गल्लीत टँकर येणार ते सांगायच्या. आता त्या कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे जास्त खरं.

मी तेव्हा नांदेडला पत्रकारिता शिकत होते. शेवटच्या सत्रात दोन महिने एखाद्या चॅनलमध्ये उमेदवारी करावी लागे. वर्गातल्या सगळ्यांना मुंबई-दिल्लीचे वेध लागलेले. पण त्या वर्षी दिल्लीच लातुरात येऊन बसली होती. दुष्काळ असा, की शहराला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, आणि मोठमोठ्या चॅनलांच्या गाड्या डोक्यावर डिशच्या छत्र्या घेऊन स्टेशनासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, लातूर गाठलं की यातल्या एखाद्या गाडीत आपलाही पाय शिरेल. भोकरला आमच्या घरी आई म्हणाली, "लोकं लातूर सोडून चाललेत आन तू तिकडं निघाली. दुष्काळात तेरावा महिना व्हायला चालली व्हय कुणाच्या घरी?" मी ऐकलं नाही. जाऊन बघते तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कागदावर 'प्रसारण प्रशिक्षणार्थी', आणि प्रत्यक्षात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्या.

दुकान आणि चॅनल एकाच मालकाचं. चनबसप्पा. सगळे त्यांना आप्पा म्हणत. मूळचे उदगीरचे, कपाळावर विभूती, बोलणं गुळासारखं. खाली नळ, पाइप आणि प्लास्टिकच्या टाक्या विकायचे. ज्या गावात नळाला पाणी नव्हतं तिथं आप्पांच्या टाक्या धडाक्यानं खपत होत्या, कारण टँकरचं पाणी साठवायला काहीतरी हवंच. मी कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाले, "कॅमेरा हाय की. बॅटरी धरत न्हाई तेवढी. तू असं कर, अक्काजवळ बस. आपलं चॅनल म्हणजे अक्काच हाय बघ."

आतल्या खोलीत टेबलाशी एक ठेंगणी, सावळी बाई बसली होती. पन्नाशीची असेल. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीची तीन बोटं, गळ्यात दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी, तिच्यात त्यांचं इष्टलिंग. समोर माइक आणि शाळेतली लाकडी चौकटीची पाटी. मला पाहिल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'बस. नाव?' मी मनात म्हटलं, बिचारी मुकी आहे. म्हणून वाकून, मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "अ-श्वि-नी!" त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, 'ऐकू येतं.'

मग बारा वाजले. त्यांनी खडीसाखर गालात सारली, माइकचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "नमस्कार. ऐका पाण्याचं."

तो आवाज गोड नव्हता. वाचणाऱ्यांचा असतो तसा घडवलेलाही नव्हता. जड आणि सरळ आवाज, मोठ्या पातेल्यावर झाकण बरोब्बर बसावं तसा. गल्ल्यांची नावं, टँकरचा नंबर, वेळ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच वाक्य, "टँकर गेटबाहेर पडला आहे." पत्रक संपलं, बटण बंद झालं, आणि त्या पुन्हा पाटीकडे वळल्या. दिवसाला तीन पत्रकं, सातचं, नऊचं आणि बाराचं. मधल्या वेळात अक्का शक्यतो तोंड उघडायच्या नाहीत. एकदा मी कारण विचारलं तर लिहिलं, 'पाणी जपून वापरतात. आवाज का नाही?'

तेव्हा मला तो नुसता तऱ्हेवाईकपणा वाटला. घसा आधीपासून दुखत होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तोंड उघडायच्या ते फक्त पत्रकाला आणि फोनला. जिथं टँकर भरायचे त्या टाकीच्या गेटवर नवाबभाई वही घेऊन बसायचे. पहाटे साडेपाचपासून अक्कांचे त्यांना फोन सुरू व्हायचे.

"नवाबभाई, बोला."

"चौदा नंबर, अक्का. दस्तगीर ड्रायव्हर. तेलघाणी गल्ली. भरून राहिला बघा."

"भरून राहिला ते मला नका सांगू. गेटबाहेर पडला की सांगा."

"हौ अक्का. चिल्लाओ नक्को. पडला की लगीच करतो."

आणि नवाबभाईंचा फोन परत आल्याशिवाय ती गल्ली पत्रकात जायची नाही. मग सात वाजोत की सात पाच होवोत. ठरलेली पाळी, पालिकेचा कागद, नगरसेवकाचा शब्द, कशालाच अक्कांकडे किंमत नव्हती. मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, "अक्का, भरून झालाय म्हणजे निघणारच ना." त्या दिवशी माझी वरात त्यांनी गेटवर नेली. पहाटेच्या गारव्यात आम्ही दीड तास उभ्या होतो. माझ्या डोळ्यांदेखत एक भरलेला टँकर चाक बसलं म्हणून तिथंच राहिला, दुसऱ्याला गेटच्या आत असतानाच कुणाचा तरी फोन आला आणि तो तिसरीकडेच वळला. अक्कांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी आयुष्यात बातमीदारीबद्दल जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या गेटवर शिकले, आणि तरी ते पुरलं नाही.

अक्कांचं घर त्याच टाकीच्या रस्त्यावर होतं. एक खोली, पुढं ओटा. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. शहरात जाणारा प्रत्येक टँकर त्यांच्या दारावरून धडधडत जायचा. लिंगपूजेला त्या सकाळी पळीभर पाणी घेत, आणि पूजा झाली की तेच तुळशीला घालत. त्या दुष्काळात लातुरात जगलेली ती एकच तुळस मी पाहिली.

अक्कांचा चेहरा मात्र गावाला माहीत नव्हता. पत्रकाच्या वेळी पडद्यावर एका भरल्या घागरीचं चित्र असायचं आणि मागून आवाज. आप्पांनी कितीदा म्हटलं, "अक्का, एकदा तरी टीव्हीत दिसा की." त्या पाटीवर लिहीत, 'पाणी मी देत नाही. मला बघून काय करता?' बाहेरही त्या आवाज वापरत नसत, त्यामुळे बाजारात सगळे त्यांना मुकीच समजत. एकदा मी त्यांच्यासोबत भाजी घ्यायला गेले. भाजीवालीनं माझ्याकडं बघून सांगायला सुरुवात केली, "ह्या मुक्या बाईला मी कधी फसवत न्हाई बघ. अन् फसवीन कशी? माजं सगळं नंदाक्कावर चालतंय. अक्का बोलली की मी भाजीची पाटी इथंच टाकून घागर घिऊन पळते. दुसरं कोण बी बोलूंदे, मी हलत न्हाई." मी तोंड उघडणार तोच अक्कांनी माझं मनगट दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, जसं लपाछपीत न सापडलेल्या पोरीच्या तोंडावर असतं. घरी येईपर्यंत ते हसू मावळलं नाही.

एवढा काटेकोरपणा कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. पाटीवर नाही, तोंडानं. रविवार होता, नवाबभाईंच्या फोनची वाट पाहत बसलो होतो.

"आपला लातूर जिल्हा नवा झाला तवा मी शाळंत होते," त्या म्हणाल्या. "आमचं गाव उदगीरकडचं. नवा जिल्हा म्हणून सभा भरली. माझा आवाज मोठा, म्हणून मास्तरनं मला माइकम्होरं उभं केलं आणि हातात कागद दिला. मी वाचलं, नवीन जिल्ह्यात आपल्या गावाला नळ मंजूर. टाळ्या किती, पेढे किती! घरी येऊन बघते तर आईनं दारातला रांजण जावंला दिऊन टाकलेला. म्हणली, माझी लेक बोलली, नळ यायलाय, आता रांजण कशाला अडवायला पायजे."

"मग?"

"मग काय. नळ आला न्हाई. जाऊनं रांजण परत दिला न्हाई. आई मरंपर्यंत घागरीनं पाणी साठवत राहिली. मला कधी शिवी दिली न्हाई तिनं. नुसती म्हणायची, नंदे, तुझ्या आवाजावर रांजण गेला गं."

हे सांगताना त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले.

आप्पांचीही एक हौस होती, आणि ती अक्कांनी कधी पुरवली नाही. उदगीर जिल्हा होणार, ही वावडी दर दोन-चार महिन्यांनी उठायची. आप्पांचा जीव त्यात अडकलेला. त्यांनी पडद्यासाठी लाल पाटी तयार करून ठेवली होती: 'उदगीर जिल्हा झाला!' फटाकेही आणून ठेवले होते, ते माळ्यावर सर्दावून गेले. फक्त आवाज राहिला होता. "अक्का, एक ओळ बोलून ठिवा. घोषणा झाली की पयल्या मिन्टाला आपलं चॅनल! मुंबईवाल्यांच्या आधी!" अक्का दर वेळी तेच सांगत, "झाल्यावर बोलावा. घरून यायला धा मिन्टं लागतात." आप्पा चिडत. "धा मिन्टांत दुनिया इकडची तिकडं हुती!" त्यावर अक्का पाटी उचलून लिहीत, 'होऊ द्या.' न झालेलं बोलून ठेवायला ही बाई तयार नव्हती. म्हणून पुढं जे झालं ते मला जास्त लागतं.

वैशाखाच्या तोंडावर एका सकाळी, पत्रकाच्या मध्येच अक्कांचा आवाज तुटला. दोन शब्द नुसते हवेसारखे गेले. सोलापूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. ऑपरेशन, आणि पुढं महिनाभर एक शब्दही नाही. आप्पा हादरले. त्यांनी मला पत्रक वाचायला बसवलं. मी दोन दिवस वाचलं. माझे उच्चार स्वच्छ होते, विद्यापीठात बक्षीस मिळालेलं. दोन्ही दिवस टँकर गल्लीत उभा राहिला आणि लोक घराबाहेर आले नाहीत. पाणी दुसऱ्याच गल्लीनं भरून नेलं. नवाबभाईंनी फोनवर सांगितलं, "बेटी, बुरा मत मानो. लोग पूछते, अक्का कुठं हाय?"

तेव्हा अक्का स्वतःच पुढं झाल्या. पाटीवर लिहिलं, 'माझे शब्द भरून ठेव. तू जोड.' तीन दिवस त्या माइकसमोर बसल्या. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलेलं असताना बसल्या. शहरातल्या गल्ल्यांची नावं, टँकरचे नंबर, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा, "नमस्कार, ऐका पाण्याचं", आणि "टँकर गेटबाहेर पडला आहे." मी एकेक तुकडा कापून फोल्डरात ठेवत गेले. शेवटी विचारलं, "अजून काही राहिलं का, अक्का?" त्यांनी जरा विचार केला आणि मान हलवली. नाही.

मग माझा हात धरून, घोगऱ्या आवाजात, अगदी हळू म्हणाल्या, "अश्विनी, माझं तोंड तुझ्या हातात देऊन चालले. टँकर गेटबाहेर पडल्याबिगर ते उघडायचं न्हाई."

"नाही उघडणार अक्का. शपथ."

त्यांचे मी ऐकलेले हे शेवटचे शब्द. ते कुठंही भरून ठेवलेले नाहीत.

आठ दिवस सगळं सुरळीत चाललं. मी पहाटे नवाबभाईंना फोन करायची, तुकडे जोडायची, आणि अक्कांचा आवाज घराघरांतून बोलायचा. लोकांना काही कळलं नाही. माझ्या मात्र पहिल्या दिवशी अंगावर काटा आला होता. सोलापूरला दवाखान्यात पडलेली बाई इथं म्हणत होती, नमस्कार, ऐका पाण्याचं. पण माणूस कशालाही सरावतो. आठव्या दिवसापर्यंत मला त्यात माझ्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं होतं.

नवव्या दिवशी मोठ्या चॅनलचं बोलावणं आलं. मी रोज स्टेशनासमोरच्या त्या गाड्यांभोवती घोटाळायची, त्यातल्या एका बातमीदारानं सांगितलं, "उद्या बरोब्बर सातला इथं ये, औशाकडच्या गावात जातोय. कोणी ओळखीचं असलं की बरं पडतं." रात्रभर मला झोप नाही. पहाटे नवाबभाईंना फोन लावला, तर बंद. पुन्हा लावला, बंद. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. टाकी रिक्षानं पंधरा मिनिटांवर होती. गेटवर जाऊन यावं तर गाडी चुकणार. पाळीच्या कागदावर त्या दिवशी जुनी जिनिंग वसाहत होती. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या आवारात मजुरांची पत्र्याची घरं होती, ती ही वसाहत. अकरा दिवसांच्या खंडानंतर त्यांना त्या दिवशी पाणी मिळणार होतं.

मी तुकडे जोडले. "नमस्कार. ऐका पाण्याचं. जुनी जिनिंग वसाहत. सकाळी साडेसात. टँकर गेटबाहेर पडला आहे." तीनही पत्रकं एकदमच लावून टाकली, सात, नऊ आणि बारा, पुढच्या दोन्हींतली वेळ तेवढी काढून, आपोआप वाजतील अशी. हे करताना माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मला गाडी गाठायची होती.

दहाच्या सुमाराला औशाकडच्या त्या गावात, तो बातमीदार तिथल्या बायकांना रिकाम्या घागरी जरा वर धरायला सांगत असताना, नवाबभाईंचा फोन लागला. "बेटी, सुबे पाच बजे मोटर जली. एक बी टँकर भरा नई. मेरा फोन बी बंद, चार्जिंग न्हाई. तुमने कुछ चलाया तो नई ना?"

मी मिळेल त्या जीपनं परत आले. येता येता आप्पांना फोन केला, पण त्यांना संगणक चालवता येत नव्हता. चॅनलवर पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी फोल्डर उघडून शोधायला लागले. लोकांना सांगायचं होतं की चूक झाली, टँकर निघालेलाच नाही. 'चूक' नव्हता. 'माफ करा' नव्हता. 'नाही' हा शब्दसुद्धा नव्हता. तीन दिवसांत भरलेल्या त्या सगळ्या तुकड्यांत अक्कांनी एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांना त्याची गरजच कधी पडली नव्हती. माझ्या आवाजात सांगितलं तर कुणी ऐकणार नव्हतं, हे मी दोन दिवसांत शिकले होते. आप्पा दारातून म्हणाले, "राहू दे पोरी. लोक इसरतेत." मी तशीच उठले आणि वसाहतीकडे पळाले. त्या गडबडीत बाराचं पत्रक काढायचं विसरले.

वसाहतीत शिरले तर घागरींची, डब्यांची, पिंपांची रांग गल्लीच्या तोंडापासून पार जिनिंगच्या भिंतीपर्यंत. उन्हानं प्लास्टिकचा वास सुटलेला. बायका सकाळपासून तिथंच होत्या, कुणी कामावर गेलेलं नव्हतं. आणि रांगेच्या तोंडाशी, डोक्यावर पदर घेतलेल्या, गळ्याभोवती पांढरी पट्टी बांधलेल्या नंदाक्का उभ्या होत्या.

आदल्या दिवशी त्या सोलापूरहून परतल्या होत्या, हे मला माहीत नव्हतं. पण सकाळी काय झालं असेल ते मी लगेच समजले. दारावरून एकही टँकर गेला नव्हता, आणि टीव्हीतून त्यांचाच आवाज सांगत होता की तो गेटबाहेर पडलाय. ऑपरेशनचे टाके ओले असताना त्या तेवढं अंतर चालत आल्या होत्या. हातात पाटी. पाटीवर लिहिलेलं, 'टँकर निघाला नाही. चूक माझी. उभ्या राहू नका.'

एका शाळकरी मुलीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. रांगेतली सुभद्रा नावाची बाई हसली. कडेवर नुकतं न्हाऊ घातलेलं लेकरू. म्हणाली, "आगं माय, तुला कुणी सांगितलं? तुजी कशाची चूक? नंदाक्का बोलली सकाळी टीव्हीत. नंदाक्का खोटं बोलत न्हाई."

अक्कांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, पाटीवर बोट ठेवलं, पुन्हा छातीवर. 'मी. मी.'

"हाव गं माय, कळलं. तू बी तहानलेली दिसतीस. ये, माज्या म्होरं उभी ऱ्हा. तुला नंबर देते," सुभद्रा म्हणाली, आणि घागर मागं सरकवून तिनं अक्कांना रांगेत जागा करून दिली.

तेवढ्यात बारा वाजले. दोन-तीन घरांतले टीव्ही चालूच होते. आतून तो जड, सरळ आवाज आला. "नमस्कार. ऐका पाण्याचं." बायका घागरी उचलून उभ्या राहिल्या. "जुनी जिनिंग वसाहत. टँकर गेटबाहेर पडला आहे."

"ऐक! ऐक आता!" सुभद्रा अक्कांना म्हणाली. "मी काय म्हणलं?"

अक्का ऐकत उभ्या होत्या. स्वतःचाच आवाज, शब्द न् शब्द त्यांचा, आणि त्यातला एकही त्यांनी म्हटलेला नाही. त्यांचे ओठ हलले, पट्टीखाली घसा हलला. काहीच आलं नाही. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्यांनी फक्त बोटानं मला पुढं बोलावलं, स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. तू बोल.

मी बोलले. "टँकर येणार नाही. पहाटेच मोटार जळली. टीव्हीवरचं चुकीचं आहे."

"तू कोण गं?"

"मी... चॅनलची."

गल्ली माझ्याभोवती गोळा झाली. सुभद्राचा चेहरा उतरत गेला. "येणार न्हाई? आगं, अक्का बोलली म्हणून मी ऱ्हायलेली घागर लेकराच्या अंगावर ओतली! घामोळ्यानं रडत हुतं म्हणून. घरात आता तांब्याभर ऱ्हायलं." तिनं माझा दंड धरला. "खरं सांग. अक्का चुकली का?"

तिथं एका वाक्याचं काम होतं. अक्का चुकल्या नाहीत, त्या बोलल्याच नाहीत, मी त्यांचा आवाज कापून जोडला, मला गाडी गाठायची होती. माझ्याभोवती चाळीस-पन्नास बायका होत्या. त्यांच्या डोळ्यांत मला काय दिसलं ते आज सांगता येत नाही, पण मी घाबरले.

मी म्हणाले, "हो. अक्का चुकल्या."

अक्कांनी मान हलवली. होकाराची. जणू मी त्यांचंच वाक्य वाचून दाखवलं होतं.

"अक्का बी तसलीच निघाली," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी चॅनलच्या नावानं बोटं मोडली. रांग विस्कटली, रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटत घरोघर गेल्या. मी तिथंच उभी होते. आज मी नांदेडला रेडिओवर बातम्या वाचते, प्रत्येक ओळ दोनदा विचारून घेते, सहकारी मला चिकट म्हणतात. त्यानं काही फिटत नाही. त्या दिवसानंतर अक्का चॅनलवर आल्या नाहीत, आणि मी आठवड्यानं उमेदवारीचा दाखला घेऊन नांदेडला परतले. त्यांच्या दारावरून गेले, पण थांबले नाही.

गल्लीतून त्या निघाल्या तेव्हा सुभद्रानं मागून हाक मारली. "मुके बाई, थांब!" ती घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. लेकरू अजून कडेवरच होतं. तिनं तांब्या अक्कांच्या हातात दिला. "पी एक घोट. उन्हाचं जाशील कशी? आमी निदान अक्काला शिव्या तरी घालून मोकळ्या झालो. तुला तर तेबी येत न्हाई."

अक्कांनी तांब्यात पाहिलं. बोट बुडवून गळ्यातल्या डबीला लावलं, आणि मग एक घोट घेतला. तो गिळताना त्यांनी डोळे गच्च मिटले. तांब्या परत देऊन त्यांनी लेकराच्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिनिंगच्या भिंतीच्या चिंचोळ्या सावलीतून चालू लागल्या. पाटी काखेत होती. लुगड्याला घासून वरची ओळ पुसली गेली होती. खालचे शब्द वळणापर्यंत मला दिसत होते. 'चूक माझी.'